शातो मार्गो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बोर्डोच्या या लाल वाइनबद्दल खरेदीपूर्वी, घरी ठेवताना आणि उघडताना पडणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बाटली फ्रान्समधून सहसा निर्दोष निघते. ती बिघडते आपल्याकडच्या उन्हाळ्यात, चुकीच्या कपाटात किंवा उघडणाऱ्याच्या घाईत. म्हणून साठवण आणि उघडणे या भागांना जास्त जागा दिली आहे.

शातो मार्गो म्हणजे नेमके काय?

फ्रान्सच्या नैऋत्य भागात बोर्डो शहराच्या उत्तरेला, जिरोंद खाडीच्या डाव्या काठाने मेदॉक नावाचा द्राक्षपट्टा आहे. त्यातल्या मार्गो गावाजवळची ही वाडी. वाडीचे एकूण क्षेत्र सुमारे २६२ हेक्टर. त्यात लाल द्राक्षांच्या बागा साधारण ८० हेक्टर आणि पांढऱ्या द्राक्षांच्या १२ हेक्टर. बाकी कुरणे, झाडी आणि इमारती. लेबलवर दिसणारा खांबांचा वाडा वास्तुविशारद लुई कोंब यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बांधला.

१८५५ च्या पॅरिस प्रदर्शनासाठी बोर्डोच्या वाइनची प्रतवारी झाली, तेव्हा लाल वाइनच्या पहिल्या श्रेणीत चारच नावे होती: लाफित, लातूर, मार्गो आणि ओ-ब्रियों. (हे लातूर आपले नाही, उच्चार मात्र जवळजवळ तोच.) पाचवे नाव, मूतों, १९७३ मध्ये आले. १९७७ मध्ये आंद्रे मेंत्झेलोपुलोस यांनी ही वाडी घेतली, तेव्हा तिची पत घसरलेली होती. त्यांनी निचरा, लागवड आणि तळघर यांवर पैसा ओतला आणि सल्ल्यासाठी बोर्डोचे नामांकित वाइनतज्ज्ञ एमिल पेनो यांना आणले. १९८० मध्ये आंद्रे यांचे निधन झाल्यावर मुलगी कोरीन यांनी कारभार हाती घेतला. १९८३ पासून २०१६ मध्ये मृत्यू होईपर्यंत पॉल पोंतालिए यांनी इथली वाइन घडवली. आजची कीर्ती बरीचशी या काळातल्या कामावर उभी आहे.

लेबलवर ‘मार्गो’ लिहिलेली स्वस्त बाटली दिसली. तीच का ही?

नाही. सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. ‘मार्गो’ हे एका वाडीचे नाव आहे तसेच आजूबाजूच्या गावांच्या पूर्ण विभागाचेही नाव आहे. मार्गो, कांतनाक, आर्साक, लाबार्द आणि सूसां या गावांतला कोणताही उत्पादक नियम पाळून आपल्या बाटलीवर ‘मार्गो’ लिहू शकतो. १८५५ च्या यादीतल्या २१ वाड्या या एकाच विभागात आहेत, आणि त्यांतल्या कित्येक वाइन उत्तम असतात. पण मूळ बाटलीवर ‘शातो मार्गो’ हे दोन शब्द एकत्र, वाड्याचे चित्र आणि ‘प्रीमिए ग्रां क्रू क्लासे’ (पहिल्या श्रेणीची खूण) अशी ओळ असते. त्यातले काही नसेल तर ती त्या विभागातली दुसऱ्या कुणाची तरी वाइन आहे.

एवढी नामांकित वाइन एकाच जातीच्या द्राक्षाची का करत नाहीत?

मेदॉकचे हवामान भरवशाचे नाही. मर्लो लवकर फुलते आणि लवकर पिकते. कॅबर्ने सोव्हिन्यों दहा-पंधरा दिवस मागून येते. जूनमध्ये फुलोऱ्यावर थंड पाऊस पडला तर मर्लोची गळ होते. सप्टेंबरअखेर पाऊस लागला तर मर्लो तोपर्यंत घरात आलेली असते आणि कॅबर्ने सापडते. दोन-तीन जाती लावल्या म्हणजे पूर्ण हंगाम एकाच पावसावर जात नाही. मिश्रणाची पद्धत मुळात या शेतीच्या हिशेबातून आली, चवीचे शास्त्र नंतर जडले.

चवीत प्रत्येकीचे काम वेगळे. कॅबर्ने सोव्हिन्यों कणा देते: जाड साल, भरपूर टॅनिन (सालीतला तुरट घटक), काळ्या फळांचा वास आणि दीर्घ आयुष्य. मर्लो मधला भाग भरून काढते, तिच्याशिवाय तरुण कॅबर्ने पोकळ लागते. कॅबर्ने फ्रँ सुगंधाला धार देते. पेती व्हेर्दो सगळ्यात उशिरा पिकते, रंग आणि मसालेदारपणा तिखट देते, म्हणून दोन-तीन टक्क्यांपुढे क्वचितच जाते. शातो मार्गोची खूण म्हणजे व्हायोलेटच्या फुलांचा वास आणि ताकद असूनही रेशमी पोत.

मिश्रणाचे प्रमाण ठरलेले असते का?

बागेतले प्रमाण ठरलेले: सुमारे ७५ टक्के कॅबर्ने सोव्हिन्यों, २० टक्के मर्लो, उरलेल्यात पेती व्हेर्दो आणि कॅबर्ने फ्रँ. बाटलीतले प्रमाण मात्र दरवर्षी वेगळे. २०१५ मध्ये ८७ टक्के कॅबर्ने सोव्हिन्यों, ८ टक्के मर्लो, ३ टक्के कॅबर्ने फ्रँ आणि २ टक्के पेती व्हेर्दो होती. २०१० मध्ये कॅबर्ने सोव्हिन्यों ९० टक्क्यांवर गेली. बागेत ७५ आणि बाटलीत ९०, या फरकातच वाडीचा निर्णय दिसतो: चांगल्या वर्षी कॅबर्नेला पुढे करायचे आणि मर्लोचा बराच भाग वाडीच्या दुसऱ्या, स्वस्त वाइनकडे (पाव्हियों रूज) वळवायचा.

मिश्रण प्रत्यक्षात कसे ठरते?

क्रम असा असतो:

१. सप्टेंबरच्या उत्तरार्धापासून ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत हाताने तोडणी. प्रत्येक तुकड्याची तारीख वेगळी.
२. कुजके, हिरवे मणी आणि पाने निवडून काढणे, देठ वेगळे करणे.
३. प्रत्येक तुकड्याचा माल स्वतंत्र टाकीत आंबवणे. तापमान साधारण २८ ते ३० अंशांपर्यंत. आंबवण आणि सालीसोबतचा मुरण्याचा काळ मिळून सुमारे तीन आठवडे.
४. वाइन खाली काढून घेणे आणि उरलेली साल दाबून निघालेली ‘दाबाची वाइन’ वेगळी ठेवणे.
५. मॅलिक आम्लाचे सौम्य लॅक्टिक आम्लात रूपांतर होऊ देणे.
६. हिवाळाभर प्रत्येक टाकीची वाइन पुन्हा पुन्हा चाखून वर्गवारी आणि वसंताआधी मिश्रण.

दाबाची वाइन गडद आणि तुरट असते. ती मिश्रणात थोडी घातली तर वाइनला पाया मिळतो, जास्त पडली तर घसा धरते. सगळ्यात अवघड निर्णय असतो काय वगळायचे हा. अलीकडच्या वर्षांत पिकाचा जेमतेम ३५ ते ४० टक्के भागच पहिल्या वाइनमध्ये जातो. एखादी टाकी स्वतंत्रपणे सुंदर लागते, पण मिश्रणात घातल्यावर बाकीच्यांना झाकून टाकते. तीसुद्धा बाहेर राहते. या बाटलीची किंमत कशासाठी मोजायची, याचे आमच्या मते सगळ्यात प्रामाणिक उत्तर या वगळण्यात आहे.

जमिनीचे इतके कौतुक का?

वाडीच्या उत्तम तुकड्यांत कित्येक मीटर खोल गोट्यांची, खडीची जमीन आहे. पाणी झरझर खाली जाते, मुळे खोल जातात, आणि दिवसभर तापलेले गोटे कॅबर्नेला पिकायला मदत करतात. चिकणमातीचे थंड तुकडे मर्लोला सोसतात. थंड जमिनीतली कॅबर्ने अर्धवट पिकली की वाइनला हिरव्या ढोबळी मिरचीचा वास येतो, आणि तो पिंपात ठेवूनही जात नाही. जवळची खाडी वसंतातल्या दहिवराचा जोर कमी करते.

नाशिक-सांगलीच्या बागेपेक्षा तिथली बाग कशी वेगळी?

जवळजवळ प्रत्येक बाबतीत. आपल्याकडे एप्रिलची खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरची गोडी छाटणी अशा दोन छाटण्या. तिथे वेल हिवाळ्यात झोपते आणि छाटणी एकदाच होते. आपली तोडणी वाइनच्या द्राक्षांसाठी जानेवारी ते मार्च, तिथली शरदाच्या तोंडावर. मेदॉकमध्ये वेली एक मीटर बाय एक मीटरवर, म्हणजे हेक्टरी १०,०००, एकरी सुमारे ४,०००. नऊ बाय पाच फुटांच्या आपल्या लागणीत एकरी ९६८ वेली बसतात. तिथली वेल कमरेएवढी बुटकी, घड जमिनीच्या उबेजवळ. ठिबक नाही.

खुंटही वेगळे. आपल्याकडे पाण्याचा ताण आणि क्षार सोसणारा जोमदार डॉगरिज चालतो. मेदॉकमध्ये रिपारिया ग्ल्वारसारखे कमी जोमाचे खुंट पसंत करतात, कारण तिथे वेलीचा जोर आवरायचा असतो. हेक्टरी ४० हेक्टोलिटर (४,००० लिटर) उतारा धरला तर साधारण ५,३०० बाटल्या होतात, म्हणजे एका वेलीमागे अर्धी बाटली. त्यातलाही एक तृतीयांशाहून थोडा जास्त भागच पहिल्या वाइनपर्यंत पोचतो.

रोग मात्र ओळखीचे: केवडा आणि भुरी. २०१८ मध्ये शेजारच्या शातो पाल्मेरमध्ये केवड्याने इतके नुकसान केले की उतारा हेक्टरी ११ हेक्टोलिटरवर आला.

फवारणीचे ‘बोर्डो मिश्रण’ याच बोर्डोचे का?

होय, आणि याच परिसरातले. मेदॉकमध्ये रस्त्याकडेच्या वेलींवर चोरी टाळण्यासाठी मोरचूद आणि चुना शिंपडत असत. त्या वेलींवर केवडा कमी येतो हे बोर्डो विद्यापीठातले प्राध्यापक मिलार्दे यांच्या १८८२ मध्ये लक्षात आले. त्याचे प्रयोग मार्गो विभागातल्याच शातो दोझाकमध्ये झाले आणि १८८५ मध्ये पद्धत जाहीर झाली. आपल्याकडे एक टक्का द्रावणासाठी १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १०० लिटर पाणी घेतात. मिलार्दे यांचे सुरुवातीचे द्रावण याच्या कित्येक पट दाट होते.

पिंपात किती काळ मुरते?

१८ ते २४ महिने, ओकच्या पूर्णपणे नव्या २२५ लिटरच्या पिंपांत. एका पिंपातून ३०० बाटल्या निघतात. दर तीनेक महिन्यांनी वाइन एका पिंपातून दुसऱ्यात काढतात, म्हणजे गाळ मागे राहतो आणि थोडी हवा लागते. काही पिंपे वाडीतच बनतात. नव्या ओकचा व्हॅनिला-भाजका वास पहिली काही वर्षे वर असतो, नंतर तो फळात मिसळतो. हलक्या वर्षाच्या पातळ वाइनला एवढे नवे लाकूड पेलत नाही. पिंपे नवी ठेवायची तर मिश्रण तितके दमदार लागते, म्हणूनही वगळणे कडक असते.

ही वाइन शाकाहारी आहे का?

काटेकोर शाकाहारींसाठी नाही. बोर्डोच्या जुन्या पद्धतीत बाटलीत भरण्यापूर्वी प्रत्येक पिंपात पाच-सहा अंड्यांचा पांढरा बलक फेटून घालतात. तो तुरट कण धरून तळाशी बसतो आणि वाइन वरून काढून घेतात. शातो मार्गो ही पद्धत पाळत आली आहे. बलक वाइनमध्ये उरणे अपेक्षित नसते, पण प्रक्रियेत अंडे वापरलेले असते. ज्यांना ते चालत नाही त्यांनी अंड्याशिवाय निवळलेली वाइन घ्यावी.

‘पाव्हियों रूज’ म्हणजे काय? घ्यावी का?

पहिल्या मिश्रणातून वगळलेल्या टाक्यांपासून केलेली वाडीची दुसरी वाइन. हे नाव १९०८ पासून आहे. आता तिच्यातूनही निवड होते आणि उरलेला माल तिसऱ्या वाइनला जातो. तिच्यात मर्लो जास्त, ती लवकर मऊ होते, आणि किंमत पहिल्या वाइनच्या निम्म्याहूनही कमी असते. पंधरा-वीस वर्षे थांबण्याची सोय नसेल तर आमचा सल्ला स्पष्ट आहे: दहा वर्षे जुनी पाव्हियों रूज घ्या. पाच वर्षांची शातो मार्गो उघडण्यापेक्षा ती कितीतरी जास्त आनंद देईल.

वाडीची पांढरी वाइन, पाव्हियों ब्लाँ, पूर्णपणे सोव्हिन्यों ब्लाँची असते. मार्गो विभागाचे नाव फक्त लाल वाइनला मिळते, म्हणून तिच्यावर साधे ‘बोर्डो’ लिहिलेले असते.

कोणते वर्ष चांगले?

१९८३, १९८६, १९९०, १९९६, २०००, २००५, २००९, २०१०, २०१५, २०१६, २०१८ आणि २०१९ ही जमलेली वर्षे. १९८२ चा गाजावाजा बोर्डोभर असला तरी मार्गो विभागात १९८३ त्याच्या तोडीस तोड, काहींच्या मते वरचढ आहे. २००९ उष्ण, गुबगुबीत आणि लवकर खुलणारे. २०१० ताठ, आम्ल जास्त, लांब पल्ल्याचे. १९९६ कॅबर्नेप्रेमींसाठी. २०१५ ची बाटली पोंतालिए यांच्या स्मरणार्थ सोनेरी छपाईच्या खास रूपात आली, त्यामुळे तिची किंमत संग्राहकांनी वाढवली आहे. केवळ पिण्यासाठी २०१६ घेतलेली बरी. २०१३ सारखी अवघड वर्षे लवकर तयार होतात आणि तुलनेने स्वस्त मिळतात.

किंमत किती, आणि भारतात एवढी का वाढते?

युरोपात ताज्या वर्षाची बाटली काही शे युरोंना जाते, जुनी आणि गाजलेली त्याहून बरीच पुढे. बोर्डोत ही वाइन वाडीतून थेट ग्राहकाला सहसा मिळत नाही. तोडणीनंतरच्या वसंतात, वाइन पिंपातच असताना, ती व्यापाऱ्यांना विकली जाते आणि बाटली दोनेक वर्षांनी हातात येते. असे आगाऊ पैसे गुंतवायचे तर व्यापारी जुना आणि खात्रीचा हवा. तो मधेच बुडाला तर वाइन आणि पैसा दोन्ही जातात.

भारतात आयात वाइनवर वर्षानुवर्षे १५० टक्के सीमाशुल्क राहिले आहे, त्यावर राज्याचे कर आणि विक्रेत्याचा नफा चढतो. दर बदलत असतात, खरेदीच्या वेळी चालू दर पाहावा.

परदेशातून येताना किती बाटल्या आणता येतात?

शुल्काविना प्रत्येक प्रौढ प्रवाशाला एकूण २ लिटर मद्य. ७५० मिलिलिटरच्या दोन बाटल्या म्हणजे दीड लिटर, त्या बसतात, तिसरीने २.२५ लिटर होते आणि वरच्या भागावर शुल्क लागते. कस्टम्सला बिल दाखवता आले पाहिजे. बाटली बॅगेच्या मध्यभागी, कपड्यांत गुंडाळून आणि वर प्लास्टिकची पिशवी बांधून ठेवावी. पोचल्यावर दोन-तीन आठवडे शांत पडू द्यावी, जुनी असेल तर महिनाभर.

महाराष्ट्रात परवाना लागतो का?

लागतो. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार मद्य बाळगायला आणि प्यायला वैयक्तिक परवाना हवा. तो एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आजीवन मिळतो. वाइनसाठी किमान वय २१. गोव्यात घेतलेली बाटली महाराष्ट्रात आणायलाही परवानगी लागते, केवळ दुकानाचे बिल पुरत नाही.

बाटली खरी आहे हे कसे ओळखावे?

एकच खूण पुरत नाही, सगळ्या जुळल्या पाहिजेत. बुचावर वाडीचे नाव आणि तेच वर्ष छापलेले असते. अलीकडच्या वर्षांच्या बाटल्यांवर पडताळणीचा कोड असलेली पट्टी असते. ती फाटलेली किंवा पुन्हा चिकटवलेली नको. लेबल जुने आणि टोपण (बुचावरचे आवरण) नवेकोरे असेल तर शंका घ्यावी. चाळीस वर्षांच्या बाटलीत वाइन अगदी बुचापर्यंत भरलेली असेल तरी शंका घ्यावी. लाकडी मूळ पेटी, खरेदीची कागदपत्रे आणि साठवणीचा इतिहास यांना लेबलइतकेच महत्त्व आहे. रिकाम्या बाटल्या विकत घेऊन पुन्हा भरणारे असतात, म्हणून रिकामी बाटली टाकताना लेबल खरवडून टाकावे.

घरी कशी ठेवावी?

१२ ते १४ अंश, ६० ते ७५ टक्के आर्द्रता, अंधार, आडवी, न हलणारी. आडवी अशासाठी की बूच आतून ओले राहावे. कोरडे पडलेले बूच आकसते आणि हवा आत शिरते.

मुंबईत, पुण्यात किंवा नागपुरात घरातल्या कोणत्याही कपाटात हे जमत नाही. एका उन्हाळ्यात ३५ अंशांवर राहिलेली बाटली कित्येक वर्षांइतकी म्हातारी होते, आणि ते उलटवता येत नाही. साधा फ्रिज ४ अंशांवर आणि फार कोरडा. आठवडे चालेल, वर्षे नाही. वाइनचा खास फ्रिज घेताना कॉम्प्रेसरवालाच घ्यावा. थर्मोइलेक्ट्रिक फ्रिज भोवतालच्या तापमानापेक्षा साधारण १० ते १५ अंशच खाली नेतो. विदर्भातल्या मे महिन्यात तो २७ अंशांवरच हात टेकतो. वीज गेली तर दार उघडू नये. भरलेला फ्रिज काही तास तग धरतो.

कोकणातल्या पावसाळ्यात लेबलांना बुरशी येते. वाइनला त्याने काही होत नाही, पण पुढे विकायची असेल तर बाटलीला पातळ प्लास्टिक गुंडाळावे. मार्च ते जून या काळात कुरिअरने बाटली मागवू नये, तापलेल्या गोदामातली एक दुपार पुरेशी असते.

उन्हाने बिघडली हे बाहेरून कळते का?

बऱ्याचदा. बूच वर सरकून टोपण फुगलेले असते, टोपणाखाली चिकट लाल ओघळ असतो, टोपण बोटांनी फिरत नाही. पातळी पाहा: पंधरा वर्षांच्या आतली बाटली गळ्यातच भरलेली हवी, वीस-तीस वर्षांनी गळ्याच्या तळाशी आली तर चालते, खांद्याच्या मध्यापर्यंत उतरली तर धोका. उघडल्यावर शिजवलेल्या फळांचा, मुरंब्यासारखा वास आणि रंगात तपकिरी झाक दिसते.

किती वर्षे थांबायचे?

चांगल्या वर्षाची शातो मार्गो पंधरा ते वीस वर्षांआधी उघडू नये. ती पुढेही चाळीस-पन्नास वर्षे टिकते, पण साठवण नीट असेल तर. तरुणपणी टॅनिन कच्च्या जांभळासारखे जीभ धरते. काळाने टॅनिन एकमेकांना जोडून जड होते आणि गाळ बनून खाली बसते, म्हणून जुनी वाइन मऊ लागते आणि बाटलीत काळसर गाळ दिसतो. तो दोष नव्हे. साधारण आठ ते पंधरा वर्षांच्या दरम्यान पुष्कळ बाटल्या मिटून बसतात, वास देत नाहीत, तेव्हा थांबावे.

उघडण्याची पद्धत काय?

दोन दिवस आधी बाटली उभी करावी म्हणजे गाळ तळाशी जाईल. वाइन १६ ते १८ अंशांवर द्यावी. ‘खोलीच्या तापमानाला’ हा सल्ला फ्रान्सच्या जुन्या थंड घरांसाठी होता. आपल्या ३० अंशांच्या खोलीत अल्कोहोल नाकात जाते आणि सुगंध हरवतो. ३० अंशांवरून साध्या फ्रिजमध्ये साधारण दीड तास, किंवा बर्फ-पाण्याच्या बादलीत दहा-पंधरा मिनिटे.

टोपण गळ्याच्या खालच्या कडेपाशी कापून काढा, तोंड ओल्या फडक्याने पुसा. तरुण बाटलीला साधा स्क्रू चालतो. वीस वर्षांपुढच्या बुचाला दोन पात्यांचा ओपनर घ्यावा: पाती बुचाच्या दोन बाजूंनी डोलवत आत सरकवायची आणि फिरवत वर ओढायचे.

बूच तुटले तर उरलेल्या तुकड्यात स्क्रू तिरका घालून बाटलीच्या भिंतीकडे दाबत ओढा. तेही जमले नाही तर तुकडा आत ढकला आणि वाइन स्वच्छ मलमलीतून गाळा. कागदी कॉफी-फिल्टर नको, त्याचा वास लागतो.

दुसऱ्या भांड्यात ओतून ठेवायची का?

दहा-पंधरा वर्षांची असेल तर होय, दोन ते चार तास. तीस वर्षांपुढची फक्त गाळापासून वेगळी करण्यासाठी ओतावी आणि तासाभरात प्यावी. जुना सुगंध हवेत फार टिकत नाही. ओतताना गळ्यामागे टॉर्च धरा, सलग आणि संथ ओता, गळ्यात काळी रेघ दिसली की थांबा. तळाचा अर्धा पेला वाया जाईल, त्याचे दुःख करू नये.

ग्लास मोठा, वर निमुळता. त्यात १०० ते १२५ मिलिलिटरच. एका बाटलीत सहा जण होतात. अल्कोहोल अलीकडे १३ ते १३.५ टक्क्यांच्या आसपास असते.

ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो. काय करावे?

बुचातल्या टीसीए नावाच्या रसायनाचा दोष आहे. हवा देऊन तो जात नाही, उलट वाढतो. आरोग्याला अपाय नाही, पण वाइन गेली. बूच आणि वाइन तशीच ठेवून विक्रेत्याला लगेच कळवावे. गंधकाचा किंवा काडेपेटीचा वास मात्र अर्ध्या तासात उडतो.

आपल्या जेवणासोबत चालते का?

तिखटाशी तिचे जमत नाही. मिरची टॅनिन आणि अल्कोहोल दोन्ही भडकवते, त्यामुळे तांबड्या रश्शासोबत कोणतीही बोर्डो कडू लागते. सोलकढीचा आंबटपणा तिला पातळ करतो, पुरणपोळी तिला आंबट करते. सुरमई-बांगड्यासोबत तोंडाला धातूची चव येते.

जमते ते असे: कमी तिखट, तुपावर भाजलेले मटण, काळी मिरी आणि लवंग चालते, लाल तिखट बेताचे. शाकाहारात आळंबी, लोण्यात परतलेली वांगी, जुने कडक चीज. प्रथिने आणि स्निग्धांश टॅनिनला बांधून घेतात, म्हणून मांस किंवा चीजसोबत तरुण वाइनही मऊ लागते. बाटली जितकी जुनी तितके जेवण साधे ठेवावे.

महाराष्ट्रात अशा पद्धतीची वाइन मिळते का?

इथल्याच द्राक्षांची लाल मिश्रणे मिळतात. अकलूजच्या फ्रातेल्लीची ‘सेत्ते’ सांजोव्हेझे आणि कॅबर्ने सोव्हिन्यों यांची आहे. तिची धाटणी बोर्डोपेक्षा इटलीच्या तोस्कानाकडे झुकते. कर्नाटकात नंदी हिल्सच्या ग्रोव्हरची ‘ला रिझर्व्ह’ कॅबर्ने आणि शिराजची. मार्गोशी त्यांची बरोबरी लावू नये. फळ जास्त पिकलेले, आम्ल वेगळे, आयुष्य कमी. मिश्रणात कॅबर्ने काय करते हे जिभेला कळण्यासाठी मात्र त्या उत्तम, आणि हजारो रुपये घालण्याआधी त्या दोन-चारदा लक्षपूर्वक चाखाव्यात.

उरलेली वाइन किती टिकते?

तरुण बाटली बूच लावून फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस. दुसऱ्या दिवशी ती कधीकधी जास्त मोकळी लागते. अर्धी उरणार हे आधीच ठाऊक असेल तर उघडताक्षणी ३७५ मिलिलिटरच्या स्वच्छ बाटलीत काठोकाठ भरून बूच लावा, आठवडाभर राहते. तीस वर्षांपुढची त्याच रात्री संपवावी. पिण्याआधी फ्रिजमधून अर्धा तास बाहेर काढून ठेवा.